एका चित्राच्या ८१९० पट्ट्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ग्रुप मीटिंगमध्ये माझ्या रामन स्पेक्ट्रमच्या आलेखांवर चर्चा चालू होती. आलेख दिसायला छान होते. बेसलाइन सपाट, नॉइज जवळजवळ नाहीच, पीक एकदम सुबक. सरांनी एकच प्रश्न विचारला, “अगं, मूळ फाईल कुठंय?” मी फोल्डर उघडला आणि पोटात गोळा आला. बेसलाइन काढून, स्मूदिंग करून मी प्रत्येक वेळी त्याच नावाने फाईल सेव्ह केली होती. मूळ मोजमाप शिल्लकच नव्हतं. अकरा नमुने परत मोजायला घेतले, तर त्यातल्या दोघांचं तोवर ऑक्सिडेशन होऊन गेलं होतं. ते दोन नमुने प्रबंधात नाहीत.

त्या आठवड्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून काहीबाही बघत बसले होते, तेव्हा गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराची ‘स्ट्रिप’ नावाची मालिका समोर आली. (भूकंपवाला रिश्टर वेगळा, गोंधळ नको.) आडव्या, सरळ, बारीक रंगीत रेघा. दुसरं काहीच नाही. पहिली प्रतिक्रिया अगदी प्रामाणिकपणे सांगते: “हे तर एक्सेलमध्ये पण होईल.” मग ती कशी केली ते वाचलं आणि जरा गप्प झाले. कारण माझ्या फाईलचं जे झालं होतं, तेच या माणसाने एका चित्राचं मुद्दाम, नियम लावून, आणि सगळ्यांना सांगून केलं होतं.

आज त्या मालिकेबद्दल लिहिते. मी कलेची विद्यार्थिनी नाही. पण एखादी प्रक्रिया आपल्या डेटाचं काय करते हे तपासायची आपल्याला सवय असते, निदान असायला हवी. त्याच सवयीने हे चित्र तपासून बघू. संशोधनात नव्याने येणाऱ्यांना याचा उपयोग होईल असं मला वाटतं.

आधी कृती

रिश्टरचा जन्म १९३२ चा, ड्रेस्डेनचा. १९६१ मध्ये तो पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे आला. १९८० च्या दशकापासून त्याची अमूर्त चित्रं ज्या साधनामुळे ओळखली जातात ते म्हणजे स्क्वीजी. आपण फरशीवरचं पाणी काढायला वायपर वापरतो ना, तसंच काहीसं, पण काही वेळा माणसाच्या उंचीएवढं लांब. कॅनव्हासवर तैलरंगाचे थर द्यायचे आणि ओले असतानाच ही पट्टी दाबून ओढायची. वरचा रंग पसरतो, काही ठिकाणी खरवडला जातो आणि खालचा थर उघडा पडतो.

असंच एक चित्र त्याने १९९० मध्ये केलं. त्याच्या यादीतला क्रमांक ७२४-४. उंची ९२ सेंमी, रुंदी १२६ सेंमी. वीसएक वर्षांनी त्याने या चित्राची डिजिटल प्रतिमा घेतली आणि ती उभी कापायला सुरुवात केली. आधी २ भाग. मग ४. मग ८, १६, ३२... असं दुप्पट करत थेट ४०९६ पर्यंत. प्रत्येक पट्टी आरशासारखी उलटवायची, मूळ पट्टीशेजारी लावायची आणि ही जोडी पुन्हा पुन्हा मांडून पूर्ण रुंदी भरून काढायची.

थोडं गणित करू. दोनपासून ४०९६ पर्यंत बारा पायऱ्या होतात. सगळ्या पट्ट्यांची बेरीज २ + ४ + ८ + ... + ४०९६ म्हणजे २ चा तेरावा घात वजा २, म्हणजे ८१९०. शेवटच्या पायरीवर एका पट्टीची रुंदी मूळ चित्रावर किती? १२६ सेंमी भागिले ४०९६, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. आपल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या ०.५ च्या शिशापेक्षाही बारीक.

आता बघा गंमत. पहिल्या पायरीवर अर्धं चित्र आणि त्याचं प्रतिबिंब. शाईचा ठिपका टाकून कागद दुमडल्यावर जसं दिसतं तसं: मुखवटे, किडे, फुलपाखरं दिसायला लागतात. मधल्या पायऱ्यांवर हे आकार आकसतात आणि नक्षी होते, साडीच्या काठासारखी. पट्टी ०.३ मिलिमीटरची झाली की तिच्यात डावं-उजवं असं काही उरतच नाही, तिचं प्रतिबिंब तिच्यासारखंच असतं. ती शेजारी शेजारी लावत गेलं की प्रत्येक रंगाची एक आडवी रेघ होते. ‘स्ट्रिप’ मधल्या रेघा म्हणजे ही शेवटची पायरी. त्या कोणी आडव्या काढलेल्या नाहीत, तो एक उभा छेद आहे, आडवा ताणलेला. इमेज-जे मध्ये फोटोवर रेघ ओढून तुम्ही लाइन प्रोफाइल काढलं असेल, तर ही कृती तुम्हाला आधीच माहीत आहे.

तयार कामं मोठी आहेत. लंडनच्या टेट संग्रहातली ९२१-६ क्रमांकाची ‘स्ट्रिप’ (२०११) दोन मीटर उंच आणि ४.४ मीटर रुंद आहे. कागदावरची डिजिटल प्रिंट, ॲल्युमिनियम आणि पर्स्पेक्स यांच्यामध्ये बसवलेली. म्हणजे तैलरंगातल्या चित्राचं हे मूल, पण त्याच्या अंगावर रंगाचा एक थेंब नाही.

काय उरलं, काय गेलं

उरलं ते असं: एका उभ्या छेदात कोणते रंग आहेत, कोणत्या क्रमाने आहेत आणि प्रत्येकाची जाडी किती. गेलं ते असं: आकार, हाताची हालचाल, डाव्या-उजव्या बाजूंचं नातं, स्क्वीजी कुठे थांबली याची खूण. आणि इथून मागे जाता येत नाही. एकच छेद असलेली अगणित चित्रं असू शकतात. छेद हातात असला तरी त्यावरून चित्र उभं करता येणार नाही. माझ्या स्मूद केलेल्या स्पेक्ट्रमवरून मूळ स्पेक्ट्रम मिळत नाही, तसंच.

या मालिकेबद्दल बोलताना बहुतेक जण एक सोपी वाटणी करतात. १९९० चं चित्र हाताचं, म्हणून जिवंत. २०११ ची स्ट्रिप यंत्राची, म्हणून थंड. मला ही वाटणी पटत नाही.

एक तर स्क्वीजी ही सुद्धा माहिती पुसणारी कृती आहे. ती एकदा ओढली की खालचा थर जसा होता तसा परत मिळत नाही. तिचा परिणाम रिश्टरला आधी पूर्ण सांगता येत नाही. तो ओढतो, मागे सरकतो, बघतो, कधी कधी खूप दिवस तसंच ठेवतो. कोरिना बेल्झ यांच्या २०११ च्या माहितीपटात हे सगळं दिसतं. हात आणि कॅनव्हास यांच्यामध्ये एक आडमुठं साधन आहे आणि चित्रकाराचं मुख्य काम आहे थांबायचं कधी ते ठरवणं. आपल्याकडे नागपूरला जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडेही रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत. ब्रश सोडला म्हणून हात सुटला असं त्यांच्या चित्रांबद्दल कोणी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे नियमाने चित्र करणं हे रिश्टरला संगणकाने शिकवलेलं नाही. रंगांच्या दुकानातल्या शेडकार्डासारखी चौकोनांची चित्रं तो १९६६ पासून करत होता. १९७० च्या दशकातल्या एका मोठ्या चित्रात बरोबर १०२४ रंग आहेत. हाही आकडा दोनाचा घातच. कोलोन कॅथीड्रलच्या २००७ च्या खिडकीत ७२ रंगांचे अकरा हजारांहून जास्त काचेचे चौकोन आहेत, आणि त्यांची मांडणी ठरवताना संगणकाने काढलेले यादृच्छिक आकडे वापरले आहेत.

त्यामुळे “हाताने की यंत्राने?” हा प्रश्न इथे फार कामाचा नाही. त्याऐवजी असं विचारावं: परत फिरता येत नाही अशी पायरी कोणती, आणि त्या पायरीवर निर्णय कोणाचा?

माझा कंट्रोल प्रयोग

मनात एक शंका होती. ही कृती कशावरही केली तरी सुंदरच दिसत असेल तर? मग चित्राचं श्रेय काय उरलं? आपल्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल हवा.

मी तीन प्रतिमा घेतल्या. एक ७२४-४ ची नेटवर मिळालेली प्रतिमा, दुसरी ऑगस्टमध्ये ओल आणि शेवाळ धरलेल्या आमच्या हॉस्टेलच्या मागच्या भिंतीचा फोटो, तिसरा भाजी मंडईचा. तिन्ही एकाच मापाच्या केल्या. पायथनमध्ये प्रत्येकीतला एकेक उभा स्तंभ उचलून आडवा ताणला. चार ओळींचं काम आहे, तुम्हीही करून बघा. (१००० पिक्सेल रुंदीच्या प्रतिमेतून ४०९६ पट्ट्या निघत नाहीत हे लक्षात असू द्या. आपली पट्टी एका पिक्सेलपेक्षा बारीक होऊ शकत नाही.)

तिन्ही निकाल नावं न लावता लॅबमधल्या एका मित्राला दाखवले आणि विचारलं, “यातलं पेंटिंग कुठलं?” त्याने बिनधास्त हॉस्टेलच्या भिंतीवर बोट ठेवलं. मला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं. म्हणजे सौंदर्याचा बराचसा भाग कृतीतूनच येतो. कोणतीही गोष्ट सरळ समांतर रेघांमध्ये मांडली की नीटनेटकी दिसते. चांगल्या फॉन्टमध्ये छापलेला आलेख जास्त विश्वासू वाटतो, तसं.

पण आम्ही झूम करून परत बघितलं, तेव्हा फरक दिसला. मंडईच्या पट्टीत टोमॅटोचा जाड पट्टा, कोथिंबिरीचा जाड पट्टा, असं होतं. भिंतीच्या पट्टीत रंग हळूहळू बदलत होते, उड्या नव्हत्या. चित्राच्या पट्टीत मात्र जाड पट्ट्याशेजारी केसाएवढी रेघ, गडदाशेजारी एकदम उजळ, असं सतत. मी लागोपाठच्या पिक्सेलमधला रंगाचा फरक मोजून बघितला, तर तो चित्राच्या पट्टीतच सगळ्यात जास्त निघाला. तीनच प्रतिमा आहेत, हा काही पेपर नव्हे. पण कारण समजण्यासारखं आहे. स्क्वीजी ज्या दिशेने ओढली त्या दिशेला रंग सलग पसरतो, आणि तिला छेद देणाऱ्या दिशेला तो फार बारीक अंतरावर तुटत राहतो. ०.३ मिलिमीटरच्या छेदात आकार सगळे गेले, तरी ही तुटण्याची जात टिकून राहिली.

म्हणजे चित्राचं श्रेय आहे, पण ते आपण शोधतो तिथे नाही. रचनेत नाही, हावभावात नाही, तर रंग किती बारीक पातळीवर बदलतो त्यात आहे. मूळ चित्र बघताना आपल्या डोळ्यांत ही गोष्ट कदाचित भरलीही नसती. प्रोसेसिंगने माहिती घालवली, आणि घालवता घालवता एक गोष्ट वर आणली. चांगलं प्रोसेसिंग हेच करतं.

८१९० पैकी २२१

रिश्टरने या सगळ्या प्रयोगाचं पुस्तक केलं, ‘पॅटर्न्स’, २०११ मध्ये. त्यात बाराही पायऱ्या आहेत, पण छापलेले नमुने २२१. म्हणजे एकूण पट्ट्यांच्या २.७ टक्के. निवड झालीच, आणि ती माणसाने केली. कुठली पट्टी भिंतीवर चार मीटर होणार हेही नियमाने ठरलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल की मग नियमाचं नाटक कशाला? मला उलट वाटतं. मूळ चित्र कोणतं ते सांगितलं. कापायचा नियम सांगितला. एकूण किती निघाल्या ते कळतं, छापल्या किती तेही कळतं. आता आपल्या क्षेत्राकडे बघा. मायक्रोस्कोपीच्या किती पेपरांत फोटोखाली फक्त “प्रातिनिधिक प्रतिमा” एवढंच लिहिलेलं असतं? कितीतून निवडली, कशी निवडली, बाकीच्या कशा दिसत होत्या, काही नाही. मी स्वतः असा फोटो दिलेला आहे. तो प्रातिनिधिक नव्हता, तो सगळ्यात चांगला होता.

तरीही एक तक्रार

इतकं कौतुक केल्यावर आता माझी अडचण सांगते. स्क्वीजी ओढताना चित्र बिघडू शकतं. महिनाभराचं काम एका ओढीत जाऊ शकतं, आणि ती भीती १९९० च्या चित्रावर दिसते. स्ट्रिपमध्ये असं काही पणाला लागलेलं नाही. ७२४-४ शाबूत आहे. फाईलची प्रत शाबूत आहे. पट्टी आवडली नाही तर दुसरी घ्या, ८१८९ बाकी आहेत.

लॅबमध्ये हाच सद्गुण आहे. मूळ डेटाला हात लावायचा नाही, सगळे खेळ प्रतीवर करायचे. हा धडा मी दोन नमुने गमावून शिकले. पण चित्राकडून मला अजून काही हवं असतं. निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली, हे दिसायला हवं असतं.

तुलनेला अमेरिकन चित्रकार वेड गायटन (जन्म १९७२) घ्या. २००७ च्या त्याच्या काळ्या चित्रांमध्ये फाईल अगदीच मामुली आहे: एक काळा आयत. पण तो ती कागदावर छापत नाही. लिननचं कापड मधोमध दुमडून एप्सनच्या मोठ्या इंकजेट प्रिंटरमध्ये घालतो, एक अर्धं झालं की दुसरं. हे यंत्र त्या कापडासाठी बनलेलंच नाही. कापड अडकतं, सरकतं, शाई कुठे दाट कुठे पुसट पडते, मधल्या दुमडीवर दोन बाजू नीट जुळत नाहीत. फाईल हजारदा छापता येईल, पण हे कापड एकदाच. म्हणजे डिजिटल भाग परत फिरवता येणारा आणि ॲनालॉग भाग न येणारा, आणि चित्र घडतं ते दुसऱ्यात. रिश्टरकडे क्रम उलटा आहे. धोका आधी, वीस वर्षांपूर्वी, आणि नंतरचं सगळं सुरक्षित.

म्हणून माझं मत असं: स्ट्रिपमागचा प्रयोग पहिल्या प्रतीचा आहे. पण मला एकच गोष्ट ठेवायला सांगितली, तर मी भिंतीवरची प्रिंट नाही, पुस्तक ठेवीन. त्यात मुखवट्यापासून रेघेपर्यंतचा रस्ता दिसतो, नेमकं कुठे आकार संपतो ते पान उलटता उलटता कळतं. प्रिंटमध्ये फक्त मुक्काम दिसतो.

या मतालाही एरर बार आहे. स्ट्रिपसमोर मी उभी राहिलेली नाही, मी ती लॅपटॉपवर पाहिली आहे. ४४० सेंमीचं काम १९२० पिक्सेलमध्ये बसवलं तर एक पिक्सेल म्हणजे साधारण २.३ मिलिमीटर. त्याहून बारीक रेघा एकमेकींत मिसळून जातात. झूम कमी-जास्त केलं की मूळ कामात नसलेले पट्टे उमटतात. नायक्विस्टचा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. चार मीटरच्या रेघांसमोर उभं राहिल्यावर डोळा टेकायला जागाच मिळत नसेल, आणि मी जो धोका शोधतेय तो तिथे, बघणाऱ्याच्या बाजूला असेल, हे शक्य आहे. तसं निघालं तर इथेच येऊन लिहीन.

तोवर, जे आता संशोधनाला लागणार आहेत त्यांनी आपल्या पहिल्या डेटासेटसाठी एक कागद करावा. त्यावर तीन गोष्टी: मूळ फाईल कुठे आहे, कुठल्या पायरीनंतर मागे जाता येत नाही, आणि किती निकालांतून हा एक निवडला. सरांनी विचारायची वाट बघू नका. माझ्या टेबलासमोर हा कागद लावलेला आहे. शेजारी हॉस्टेलच्या भिंतीची ती पट्टी आहे. लॅबमध्ये येणारे अजून तिलाच पेंटिंग समजतात.